उपरण्याखालचा जबाब

बाजारात कुणी खांद्यावरचं उपरणं झटकून हातावर टाकलं, की ती घटना मला आजही जशीच्या तशी आठवते. त्यातले अप्पा आता हयात नाहीत, दलालही गेला. त्यामुळे सांगायला हरकत नाही. नावं मात्र सांगणार नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी उदगीरला फौजदार होतो. नव्या जिल्ह्याचं सगळंच नवं. कचेरीच्या भिंतीला टेकलं तर चुना पाठीला लागायचा आणि वरिष्ठांना उठल्यासुटल्या ‘चांगली कामगिरी’ हवी असायची. पाऊस मात्र सलग हुकलेला. ठाण्यात येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या पाण्याच्या असत.

खंडेनवमीच्या सकाळी आम्ही ठाण्यातल्या थ्री नॉट थ्री रायफली पुसून मांडल्या, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. खोबरं वाटत होतो तेवढ्यात आमचा एक बातमीदार आला. प्रसाद तोंडात टाकून हळूच म्हणाला, "साहेब, अशीच एक अप्पांच्या आडतीवर बी पुजून राहिलेत."

अप्पा म्हणजे मोंढ्यातले, धान्याच्या बाजारातले, जुने आडते. लिंगायत, कपाळाला भस्म, खांद्यावर उपरणं. त्यांना एकच नाद होता, जुन्या वस्तूंचा. आडतीच्या माडीवर निजामाच्या काळातली मापं, कुलपं, कंदील, अडकित्ते असा संसार मांडलेला होता. जुनं ते सोनं असं तोंडानं म्हणणारे पुष्कळ असतात. अप्पा रोज त्या सोन्याचं तेलपाणी करायचे.

पंच घेऊन आम्ही गेलो. समोर तराजू, वजनं आणि मधोमध माळ घातलेली लष्करी रायफल, आमच्या रायफलींचीच बहीण. अप्पांना वाटलं, मी दर्शनाला आलोय.

"या साहेब, प्रसाद घ्या. निजामाच्या पलटणीची हाय ही. शिक्का बघा की, कसा लख्ख हाय!"

"परवाना आहे का, अप्पा?"

"जुन्या कंदिलाला कुठं परवाना लागतो?"

"कंदिलातून गोळी सुटत नाही."

"शोभेची वस्तू हो! मी काय कुणावर उडवनार हाय?"

मी बोल्ट ओढून पाहिला. लोण्यातून सुरी जावी तसा सरकला. काडतूस एकही नव्हतं. ज्याच्या मनात पाप असतं तो बंदूक कडब्याच्या गंजीत दडवतो, तिला माळ घालून रस्त्यावरून दिसेल अशी मांडत नाही. हे मला कळत होतं, पण हत्यार कायद्याला ते कळत नाही. रायफल जप्त केली. ती ज्या मेणकापडात गुंडाळून आली होती तेही अप्पांनी माडीवर घडी घालून जपलं होतं. बंदुकीच्या जन्मापासूनचं अंगडं आहे म्हणे! तेही पंचनाम्यात घेतलं आणि अप्पांना अटक केली.

कोठडीत अप्पांनी सगळं सांगितलं. रायफल कशी पुसली, कुठलं तेल लावलं, रात्री उठून किती वेळा पाहिली. विकणाऱ्याचं नाव विचारलं की मात्र एकच उत्तर.

"साहेब, सौदा उपरण्याखाली झालाय. त्याला शब्द दिलाय." शर्टाच्या आतल्या इष्टलिंगावर हात ठेवून ते म्हणाले, "नाव माझ्या तोंडातून निघनार न्हाई."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडच्या बाजारात घेणारा आणि देणारा एकमेकांचे हात उपरण्याखाली धरतात. किती बोटं दाबली त्यावर भाव ठरतो, शेवटी पंजा घट्ट दाबला की व्यवहार संपला. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. उपरण्याखालचं जो बाहेर बोलला, त्याच्या दुकानी पुन्हा कुणी धान्य घालत नाही.

मी दरडावून पाहिलं, चहा पाजून पाहिलं. आमचे जमादार जुने, उदगीरचेच. ते म्हणाले, "साब, इनकू उल्टा टांगे तो बी नै बोलते. छोड दो." वरिष्ठांचंही तेच मत होतं. माल मिळाला, आरोपी मिळाला, दोषारोपपत्र पाठवा आणि मोकळे व्हा. मीही मोकळा झालो असतो.

मुद्देमाल सीलबंद करण्यापूर्वी जमादारांनी ते मेणकापड आवारात उन्हात पसरलं. कापडावर चरबीचा लांबट डाग होता, बंदुकीच्या आकाराचा. त्याच्या शेजारी अगदी तसाच दुसरा डाग. दस्ता, नळी, सगळं स्पष्ट. अप्पांच्या जागी दुसरा कुणी असता तर ते कळकट कापड त्यानं केव्हाच उकिरड्यावर टाकलं असतं. आमचा तपास अप्पांच्या हौसेनंच पुढे नेला. बंदुका दोन होत्या, आणि दुसरी कुणी माळ घालायला नेलेली नसणार.

अप्पांना बाहेर आणून कापड दाखवलं. त्यांनी खाली बसून दोन्ही डागांवरून बोट फिरवलं.

"मला वाटलं, घडीचा डाग असंल."

"अप्पा, दुसरी कुणाकडे आहे? दुष्काळाचे दिवस आहेत. लोक घागरीवरून डोकी फोडून राहिलेत."

त्यांचा हात पुन्हा छातीवरच्या इष्टलिंगावर गेला. डोळ्यांत पाणी आलं. हा माणूस लबाडी करत नव्हता, अडकला होता. एकीकडे शपथ आणि दुसरीकडे कुणाचा तरी जीव.

मी हिमायतनगरकडचा. लहानपणी वडिलांबरोबर बैलबाजारात हिंडलेलो. लॉकअपमध्ये आरोपीला उपरणं ठेवू देत नाहीत, म्हणून अप्पांचं उपरणं माझ्या खोलीतल्या खुंटीला टांगलेलं होतं. अप्पांना आत नेलं, उपरणं काढून माझ्या उजव्या हातावर टाकलं आणि हात पुढे केला.

"अप्पा, तोंड उघडू नका. सोमवारपासून मोजा. कोणत्या वारचा बाजार?"

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात उपरण्याखाली आला. त्यांनी माझी चार बोटं धरली. म्हणजे गुरुवार.

"माणूस कोण?"

त्यांनी माझी तर्जनी धरली, मधल्या पेरावर दुमडली आणि दाबून ठेवली. मग पंजा एकदा घट्ट दाबून हात काढून घेतला. तोंडातून अक्षर निघालं नाही.

मी जमादारांना बोट दुमडून दाखवलं. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे, ये तो जानवरां के बाजार का दलाल!"

गुरुवारी बाजारात जनावरं रिकाम्या पोत्यांसारखी उभी होती. तर्जनी अर्धी तुटलेला दलाल सापडायला वेळ लागला नाही. दोन्ही बंदुका ठाण्यात पोचल्या आहेत असं आम्ही भासवलं, तसा तो बोलला. खायला जोंधळा मिळेल म्हणून त्यानं एका पडक्या घरातलं जुनं पेव, धान्य साठवायचं जमिनीखालचं कोठार, उघडलं होतं. कोरड्या पेवात जोंधळ्याऐवजी या दोघी निघाल्या, सोबत थोडी काडतुसं. एक अप्पांनी घेतली. दुसरी, काडतुसांसकट, शिरूर अनंतपाळच्या बाजूच्या एका बागायतदारानं घेतली. त्या शिवारात पाणी फक्त त्याच्या विहिरीला होतं.

बाजारातूनच जीप तिकडे घातली. पोचलो तेव्हा बांधावर बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. बागायतदार इंजिनाच्या खोपीपुढे बाजेवर बसला होता आणि त्याचा हात वाकळेखाली होता. बांध ओलांडला तर गोळी घालीन, असं त्यानं बजावलं होतं. सगळ्यांत पुढची बाई म्हणत होती, "घाल की! लेकरू तहानंनं मरन्यापरीस मी गोळीनं मरते." आणि तिचा एक पाय बांधावर होता.

मी बाजेजवळ गेलो आणि म्हणालो, "मालक, लई लांबून आलोय. पाणी पाजा."

दारात आलेल्याला पाणी नाही म्हणायची जीभ आमच्याकडे अजून तयार झालेली नाही. गावाला पाणी नाकारणारा तो माणूस माझ्यासाठी तांब्या आणायला उठला. जमादारांनी वाकळ उचलली. रायफलीत काडतूस भरलेलं होतं.

तीच बाई मला म्हणाली, "साहेब, बंदूक घेतली ना? मग आता भरू का पानी?"

"भरा," मी म्हणालो. विहिरीच्या अधिग्रहणाचा हुकूम तहसीलदारांनी नंतर काढला.

कोर्टात मात्र आमची गाडी रुतली. अप्पा माफीचे साक्षीदार झाले असते तर सुटले असते. सरकारी वकिलांनी समजावलं, मीही समजावलं. पण कोर्टात उपरणं नसतं. दलालाचं नाव विचारलं की अप्पा छातीवर हात ठेवून उभे राहायचे. पुराव्याअभावी दलाल सुटला. बागायतदाराला शिक्षा झाली, अप्पांनाही थोडी कैद झाली. दोन्ही रायफली मोडीत काढायचा हुकूम झाला. तो ऐकताना अप्पांनी मान खाली घातली. शिक्षा ऐकताना घातली नव्हती.

दलाल सुटल्याचा मला अजून राग आहे. कैदेतून सुटून आल्यावर अप्पांच्या आडतीवर पहिल्यापेक्षा जास्त गाड्या लागायला लागल्या, हे कळलं तेव्हा तो थोडा कमी झाला. दलालाचा सुगावा कसा लागला, याबद्दल कागदोपत्री मी ‘खात्रीलायक बातमीदाराकडून’ एवढंच लिहिलं होतं. तोवर गप्प बसणारा माणूस म्हणजे चोर, अशी माझी समजूत होती. एखाद्याला विचारायची रीतच आपल्याला ठाऊक नसते, हे मला त्या प्रकरणानं शिकवलं. पुढे नांदेडला आणि इतरत्रही ते उपयोगी पडलं.

एक सांगायचं राहिलं. विहिरीवरून आम्ही परतलो तेव्हा दिवस मावळत होता. जीपचा आवाज ऐकून अप्पा लॉकअपचे गज धरून उभे होते. विचारायचं होतं, पण दुसऱ्या बंदुकीबद्दल तोंडानं विचारणं त्यांना शपथेत बसत नव्हतं. त्यांनी गजांतून नुसता हात बाहेर काढला. मी खोलीत जाऊन खुंटीवरचं उपरणं आणलं आणि दोघांच्या हातांवर टाकलं.

किती मेले, हे त्यांची बोटं माझ्या हातावर चाचपत होती. मी एकही बोट दिलं नाही. मूठ मिटून ठेवली. त्यांनी ती पुन्हा पुन्हा चाचपली, एखादं बोट कुठं राहिलं तर नाही ना म्हणून, आणि मग गजाला कपाळ टेकून लहान पोरासारखे रडायला लागले.