एकवीस मिनिटं चौदा सेकंद

सतत वेळ वाचवणारा आणि वाचलेल्या वेळेचं काहीही न करणारा असा माझ्या मेहुण्यासारखा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात दुसरा नसेल. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, राहणार घोटावडे. घरची भातशेती, आणि रस्त्याकडेला बांधलेल्या चार खोल्या कारखान्यातल्या कामगारांना भाड्यानं दिलेल्या. म्हणजे घड्याळाकडे बघावं असं कुठलंच काम त्याला नव्हतं. तरी तो घरात शिरायचा गोठ्यातून, कारण पुढच्या दारानं अकरा पावलं जास्त पडतात. मी मोजली आहेत, अकराच पडतात. चपला काढतानाच तो त्यांची तोंडं परतीच्या दिशेला करून ठेवायचा. मारुंजीला आमच्याकडे मोटरसायकलवरून येताना दर वेळी नवीन बांध शोधायचा आणि पाणी मागण्याआधी सांगायचा, "दाजी, आज बावीस मिन्टं." एकदा त्याच्यासाठी मुलगी पाहायला गेलो होतो. पोहे, प्रश्न आणि पसंती नऊ मिनिटांत उरकून हा उठून उभा राहिला. मुलीकडच्यांनी दुसऱ्याच दिवशी नकार कळवला, तर म्हणतो, "माणसं चांगली हायेत. ताटकळत न्हाई ठेवलं."

या सगळ्याचं मूळ होतं टीव्हीला जोडायच्या एका जुन्या व्हिडिओ गेममध्ये. शाळेत असताना त्यानं जत्रेतून कॅसेट आणली होती. त्यात एक छत्रीवाला माणूस असतो. तो आधी पूल ओलांडतो, मग जंगल, किल्ला, बर्फ असं करत शेवटी घरी पोचतो. सगळी मुलं असे गेम खेळतात आणि विसरतात. हा विसरला नाही. पुढे मोबाइलवर त्याला कळलं की हाच गेम कमीत कमी वेळात संपवणारी माणसं जगभर आहेत, ती आपल्या खेळाचा व्हिडिओ पाठवतात, तो तपासला जातो आणि नावांची क्रमवार यादी लागते. झालं. तीस वर्षांचा हा गृहस्थ पुन्हा टीव्हीसमोर मांडी घालून बसला. किल्ल्याच्या एका भिंतीला छत्रीवाला पाठ लावून घासत राहिला तर आरपार जातो आणि आठ सेकंद वाचतात, हा शोध त्याला लागला तेव्हा त्यानं मला कामावर फोन केला होता. त्यानंतर बरेच दिवस तो गावातल्या भिंतींकडेही संशयानं बघायचा.

मी पिरंगुटजवळच्या एका कारखान्यात तयार भागांची मापं तपासतो. त्यामुळे वेळ मोजायचं काम माझ्याकडे आलं. दर रविवारी दुपारी जेवण झालं की मी घोटावड्याला. एक वही केली होती, तीत प्रत्येक खेळाचा क्रमांक, वेळ आणि खेळ अर्धवट सोडला असेल तर कुठे सोडला, ही नोंद. इतर दिवशीचे आकडे तो फोनवर सांगायचा. ते पहिलं वर्ष फार मजेचं गेलं. छत्रीवाला विहिरीत पडला की हा इतका हसायचा की भाडेकरू दार उघडून बघायचे. पडला तरी उठून पुढे जायचा. शंभरातले एकाहत्तर खेळ त्यानं शेवटपर्यंत नेले होते. वेळ मात्र घटत गेला आणि एका श्रावणात एकवीस मिनिटं, चौदा सेकंद आणि दोन दशांश अशी नोंद होऊन आमचा मेहुणा यादीत पहिला आला. दुसरा होता ब्राझीलचा कुणी, चौदा सेकंद चार दशांशवाला. सासूबाईंनी आळीत पेढे वाटले.

पुढच्या चुकीला, तिला चूक म्हणायचं असेल तर, मी जबाबदार आहे. दोन आठवड्यांनी सहज तो व्हिडिओ मी एकेक चित्र पुढे सरकवत पाहिला. बटण दाबल्या क्षणापासून वेळ धरायचा, असा त्या यादीचा नियम. आम्ही धरला होता छत्रीवाल्यानं पाय उचलल्यापासून, आणि तपासणाऱ्यांच्याही नजरेतून ते सुटलं होतं. सेकंदाला साठ चित्रं, मधली अठरा मोजायची राहिली होती. म्हणजे तीन दशांश. चौदा पूर्णांक दोनचे झाले चौदा पूर्णांक पाच, आणि हा दुसरा.

मी ते त्याला सांगितलं. बायको म्हणाली, "तुम्हाला गप्प बसवत नाही का हो?" खरंच बसवत नव्हतं. त्यानं स्वतः तीनदा मोजलं, म्हणाला, "बराबर हाय," आणि त्याच दुपारी यादीवाल्यांना कळवून टाकलं.

त्यानंतर दीड वर्ष तो एका दशांशाच्या मागे होता. कुठे जरा चुकलं की बटण दाबायचं आणि पहिल्यापासून सुरू. त्याला ते लोक रीसेट म्हणतात. हसणं बंद झालं. भात लावणीच्या दिवसांतही तो चिखलाच्या पायांनी येऊन दहा-वीस डाव मारून जायचा, आणि प्रत्येक डाव पुलापर्यंतच. मी मुकाट्यानं नोंदी घेत होतो. मग वहीचं शेवटचं पान आलं, तेव्हा बेरजा करायला बसलो. शेवटचे चारशे खेळ. त्यांतले तीनशे बासष्ट दोन मिनिटांच्या आत सोडलेले. पस्तीस मध्ये कुठेतरी सोडलेले. पूर्ण झालेले तीन.

आकडे मी त्याच्यापुढे वाचले. तो बराच वेळ वही उलटीपालटी करत राहिला.

"दाजी, ह्यात मी खेळलोय कुटं?"

"हे सगळं तूच खेळला आहेस."

"न्हाई. हे नुसतं बटान दाबलंय."

मग त्यानं टीव्ही लावला. "आज कुटंबी थांबायचं न्हाई," म्हणाला. पुलावरच पाय घसरला. त्याचा अंगठा बटणाकडे गेलेला मी पाहिला, पण त्यानं तो मागे घेतला. तेवढ्यात तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाई सूप घेऊन दारात आल्या.

"आरं, त्यो पडला की!"

"पडू दे, आये."

छत्रीवाला विहिरीत पडला, जंगलात भलतीकडे गेला, त्या भिंतीला पाठ न लावता सरळ दरवाज्यातून किल्ल्यात शिरला. सासूबाई उभ्याउभ्याच बघत होत्या. सव्वीस मिनिटांनी तो घरी पोचला, छत्री मिटली आणि वाजंत्री वाजू लागली.

"ह्याला शेवट हाय व्हय रं?" सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, त्यो पूल आला की संपतंय. लई ग्वाड हाय की! मग इतकी वर्सं मला दावलं का न्हाईस?"

कॅसेट काढून त्यानं ती पुसली आणि कपाटात वर ठेवून दिली. त्यानंतर तो खेळला नाही.

आता तो गुरुवारच्या भजनात टाळ वाजवतो. पहिला महिनाभर अभंग सगळ्यांच्या आधी संपवायचा आणि मंडळी पोचेपर्यंत त्यांच्याकडे बघत बसायचा, असं ऐकलं. अलीकडे बरोबरीनं संपवतो. आमच्याकडे येतो तो हमरस्त्यानं आणि किती मिनिटांत आला ते सांगत नाही. मला रविवारी दुपारी काय करावं ते कळत नाही, म्हणून मी झोपतो.

एकदा राहवलं नाही, विचारलंच. "मी ते तीन दशांश काढले नसते, तर तू अजून खेळत असतास का रे?"

"काढायला पायजेलच व्हते, दाजी. आकडा खोटा, तर पळनंबी खोटं." मग म्हणाला, "पर आयेला मी सांगितलं न्हाई. तिला अजून वाटतंय, मी पयलाच हाय."

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. सासूबाई पंगतीत शेजारच्या बाईंना सांगत होत्या, "ह्यो माझा धाकला. जगात पयला आलाय, जगात!" बाईंचा विश्वास बसेना. तेव्हा सासूबाई माझ्याकडे वळल्या. "व्हय का न्हाई, जावईबापू? तुमीच तर मोजलं व्हतं."

मेहुणा समोरच्या पंगतीत मान खाली घालून भात कालवत होता.

"होय," मी म्हणालो. "पहिला."