साठीत काढून घेतलेल्या देवी

"स्मॉलपॉक्स," महाडचे डॉक्टर म्हणाले. स्मॉलपॉक्स म्हणजे आपल्या देवी. डोलीत पडलेल्या माझ्या बायकोने ते ऐकले आणि डोळे मिटून घेतले.

हिच्याजवळ कोण बसणार, असे डॉक्टरांनी विचारले. मी म्हटले, मीच. "मग आधी तुम्ही टोचून घ्या." माझी साठी उलटली होती, लहानपणी देवी काढलेल्या होत्या. ती लस जन्मभर पुरत नाही, ते म्हणाले. रीव्हॅक्सिनेशन, म्हणजे पुन्हा टोचणे, म्हाताऱ्यांनाही हवे. आठवड्याभरात फोड उठला तर लस लागली समजायचे, तोवर जागा ओली करायची नाही. मी बाही वर केली.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला. घरी माझी थोरली बहीण, आक्का. तिने दारात कडुनिंब टांगला, फोडणी बंद केली. ते मी मुकाट पाळले. पण माझा दंड दिसताच तिने गोमूत्रात हळद कालवून तो खसाखसा चोळून काढला.

"देवी घरात पाहुणी हाय नि तू हातावर सुरी चालवून घेतोस? कोपली तर ही जगायची नाय."

भीती मलाही होती. बायको तापात बरळत होती, शेजारपाजारचे कोणी उंबरा ओलांडत नव्हते आणि आक्कालाच धरून उठवावे लागे. मी आडवा झालो असतो तर बायकोच्या तोंडात पाणी कोणी घातले असते?

दुसऱ्या दिवशी पुन्हा महाड गाठले आणि डावा दंड पुढे केला. परत येऊन आक्काला बजावले, "हा पुसलास तर तिसऱ्यांदा जाईन. देवीला कोपायचंच असेल तर माझ्यावर कोपू दे." तिने हळदीची वाटी उचलून आत नेली.

हिचे सारे अंग फोडांनी भरलेले आणि मी माझ्या एका फोडाची वाट बघत बसलेला. अखेर तो आला. हिचे डोळे सुजून मिटले होते, तिने बोटांनीच चाचपला.

"उठला वो," ती म्हणाली. "आता वन्सांना न्या."

ती वाचली. तोंडावर वण राहिले, मला मात्र काही झाले नाही. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. देवीलाही नारळ फोडला. माझ्या वयाच्या मंडळींनो, आता आपल्याला काय होतंय, म्हणून बाही खाली सोडू नका.

पुढे देवी टोचणारा वाडीत आला, तेव्हा तान्ह्या पोरांच्या आयांमध्ये आक्का बसलेली. देवीची ओटी भरून आली होती. तिने दंड उघडा केला.

"टोच रे. आता ह्यो पुसाया कोन येतो ते बगते मी."