भडगावकरांना केळ्याचं एसेन्स

आमच्या घरात बोलणं मारवाडीत, पण नवऱ्याला झापायला मला मराठीच लागते. आणि आमच्या अभयकुमारांना झापायचा योग रोज येतो!

धुळ्यात यांचं एसेन्सचं दुकान. गोळेवाले, कुल्फीवाले, बेकरीवाले, सगळे यांचे गिऱ्हाईक. माणूस भाबडा, आयुष्यात कधी खोटं बोलला नाही. पण वासाचा विषय निघाला की सुटलाच. "अगं, व्हिनेगरमधलं आंबट ॲसिड घ्यायचं, एका उग्र अल्कोहोलशी त्याचं लग्न लावायचं, की पिकल्या केळ्याचा वास जन्माला येतो! नासक्या लोण्याच्या ॲसिडचं लावलं तर अननस!" तेच केळ्याचं रसायन रंगात आणि नेलपॉलिशमध्येही जातं, हे पाहुणे जेवत असतानाच सांगायचं. मेलं आइस्क्रीमसुद्धा सुखाने खाऊ देत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या चेलनाला बघायला भडगावहून मंडळी आली. चेलना आणि नवरामुलगा मनन यांनी एकमेकांना कधीच पसंत केलं होतं. हो म्हणायचं होतं ते मननच्या आजीने, चंदनबाईंनी. त्यांना सगळे दादीसा म्हणतात. कडक व्रताच्या बाई, मुंगीसुद्धा चुकवून चालणार. आधीची दोन स्थळं त्यांनी नुसती मान हलवून परत पाठवली होती.

आणि यांनी काय करावं? केळ्याचा शेक! तोही एसेन्सचा!

"अहो, भडगावला केळीच्या बागा आहेत. त्यांना बाटलीतलं केळं पाजता?"

"खऱ्या केळ्याला तरी इतका वास असतो का?" उलट मलाच सवाल. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच! घाईत बाटली लवंडली नि अर्धी यांच्या नव्या झब्ब्यावर सांडली. तसेच निघाले ट्रे घेऊन अंगणात.

अंगणात निंबाखाली पाहुणे बसलेले, आणि निंबावर मधमाश्यांचं पोळं. आम्ही जैन. मध खात नाही, पोळ्याला धूर करत नाही. त्यांचा संसार त्यांना, आमचा आम्हाला. पण त्या दिवशी आधी एक माशी आली, मग दहा आल्या, मग अख्खं पोळंच यांच्यावर उतरलं. पाहुणे घरात पळाले. दादीसा दारातून ओरडल्या, "मारू नका रे कुणी! जीव आहे तो!" सगळ्या माश्या यांच्याच अंगावर का बरं येतात, याचं कुंपणापलीकडे शेजारच्या शेवंताबाईंनाही नवल. म्हणतात, "भाऊ, बठ्ठ्या माश्या तुमनाच आंगवर काब्र येतस?"

चेलना केमिस्ट्री शिकलेली. ती किंचाळली, "पप्पा, झब्बा काढा! माशी डंख मारते तेव्हा तिच्या अंगातून हेच केळ्याचं रसायन सुटतं! त्यांना वाटतंय, कुणीतरी लढायला बोलावतंय!"

काढणार कसा? दोन्ही हातांत ट्रे, आणि ट्रेमध्ये माझ्या माहेरचे काचेचे ग्लास. एक जरी फुटला असता तर मी काय केलं असतं, हे यांना पक्कं माहीत! डोळे मिटून उभे राहिले. नाकावर डंख, कानावर डंख, ओठांवर डंख, पण हात हलला नाही. शेवटी मनन धावला. त्याने ट्रे घेतला, यांना ओढत न्हाणीत नेलं आणि कपड्यांसकट बादल्या ओतल्या.

बाहेर आले तेव्हा ओठ वड्याएवढे सुजलेले. मला हसू आवरेना, पण मनात म्हटलं, गेलं स्थळ! चेलना दाराआड रडत होती.

दादीसा उठल्या आणि त्यांनी यांच्यासमोर चक्क हात जोडले. "एवढं अंग सुजलं, पण एका जीवावर हात उचलला नाही. अशा बापाची मुलगी आमच्या घरात हवी."

झालं! आमचे सत्यवचनी लगेच ट्रेकडे बोट दाखवून सुरू. "फ्ले होफा! हाफाफ फ्ले होफा!"

"काय म्हणतात हे?" दादीसांनी विचारलं.

मला शब्द न् शब्द कळत होता: "ट्रे होता! हातात ट्रे होता!" चेलना दारातून माझ्याकडे बघत होती.

"हे म्हणतायत," मी पदर सावरत म्हणाले, "साखरपुड्याचा रुपया-नारळ आजच करून टाकू का?"

"आजच!" दादीसा म्हणाल्या.

यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मग दाराशी उभ्या चेलनाकडे पाहिलं. ती रडता रडता हसत होती. यांनी सुजलेलं तोंड गच्च मिटलं आणि जोरजोरात मान डोलावली.