बिनवायरीची ताटली

बिनवायरीचं चार्जिंग म्हणून मुलाने जे माझ्या घरात आणलं, त्याच्या बुडातून वायर निघालेलीच होती. पहिल्याच दिवशी मी ती धरून त्याला दाखवली. म्हटलं, "ही काय मग? शेपूट?"

तो हसला. "पप्पा, ती भिंतीला लागते. फोनला नाय लागत. फोन नुसता वर ठेवायचा."

म्हणजे आधी वायर फोनला लागायची, आता ताटलीला लागते आणि फोन ताटलीवर बसतो. सुधारणा एवढीच. पण जास्त बोलायला मला तोंड नव्हतं. फोनचं चार्जिंगचं भोक माझ्याच हाताने सैल झालेलं. आधी मिठागरावर आणि मग कारखान्यात घासून माझी बोटं अशी झालीत की नारळ सोलायला सांगा, सोलतील. ती बारकी पिन सरळ घालणं त्यांना जमत नाही. फोन मुलाचाच जुना. त्याला नवा घ्यायचा झाला की जुना आमच्याकडे येतो. भारीतला होता, म्हणून ताटलीवर चालत होता.

मी म्हटलं होतं, भोक दुरुस्त करून आण. तो म्हणाला, दुकानवाले दोन-तीन दिवस ठेवून घेतात. आणि दोन-तीन दिवस मी फोन हातातून सोडणार नव्हतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून विरारला उतरल्यावर स्टेशनबाहेरच्या टपरीवरनं त्याने ही काळी ताटली उचलली, बोळिंजला आपल्या फ्लॅटवर नेली आणि रविवारी मला आणून दिली.

फोन का सोडणार नव्हतो ते सांगतो.

आमच्या ख्रिस्ती गावात देवळाची संध्याकाळची घंटा झाली की घराघरांत जपमाळ होते. हल्ली टीव्ही आधी होतो, पण जुन्या घरांत होते अजून. एक माणूस पुढे 'नमो मरिये' म्हणतो, अर्ध्यावर थांबतो, आणि बाकीचे 'पवित्र मरिये'पासून उरलेलं पुरं करतात. आमच्या घरी पुढे बायको, मागे मी. लग्न झाल्यापासून असंच. मी चौथीतून उठलेला माणूस. कुठल्या वारी कुठली रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, म्हणायची ते माझ्या डोक्यात कधी क्रमाने राहिलं नाही. तिच्या राहायचं. त्यामुळे पुढे चालणं तिचं आणि मागनं जाणं माझं, यात आम्हां दोघांनाही काही वाटलं नाही.

गेल्या वर्षी तिला इस्पितळात ठेवावं लागलं. किडन्यांचं दुखणं. रात्री तिच्यापाशी सून नाहीतर मुलगा राहायचा. मला दमा, म्हणून मला घरी पाठवायचे. तिला मेली चिंता कसली, तर मी घरी जपमाळ म्हणत नसेन याची. खरंच म्हणत नव्हतो. एकट्याने मागून म्हणायचं तरी कोणाच्या?

तिने काय केलं, खाटेवर बसून सगळी जपमाळ फोनात बोलली आणि मला पाठवली. स्वतःचं अर्धं म्हणायची आणि मग गप्प बसायची. माझ्या अर्ध्यासाठी जागा सोडायची. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तर पहिला प्रश्न, "पुरला काय वेळ?"

मी म्हटलं, "कसला पुरतो! मी अर्ध्यात, 'आता व' म्हणतो तोवर तू पुढच्या मण्यावर."

"मग खोकत नको जाऊ मध्ये."

"खोकला विचारून येतो काय?"

"बरं, परत बोलते. कामच काय हाय मला इथे!" ती म्हणाली.

आणि परत बोलली. या वेळी माझ्या दम्यासकट जागा सोडली. मी कुठे श्वास घेतो, कुठे अडतो, सगळं तिला पाठ. त्यात वॉर्डातले आवाजही आले. ट्रॉली खडखडत जाते. नर्स म्हणते, "आजी, हात द्या." ही म्हणते, "थांब गो बाय, अर्ध्यावर हाय मी." आणि तिसऱ्या रहस्यात एका मण्याला, का कोण जाणे, देवाला सोडून थेट मला, "म्हाताऱ्या, झोपलास काय? उठ, पानी पी."

रोज त्या जागी मी म्हणायचो, "नाय झोपलो."

ती गेली. पुरून आलो, लोक आले, गेले. संध्याकाळी घंटा झाली आणि मी फोन लावला. तेव्हापासून रोज. ती पुढे, मी मागे.

मुलगा एकदा म्हणाला, "पप्पा, रोज तेच ऐकून त्रास होतो."

म्हटलं, "तुला होतो. मला नाही होत."

त्यानंतर तो त्या वेळेला बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहायचा. या आवाजाची दुसरी प्रत काढून ठेवू असं तोच बोलला होता, बाराव्या दिवसाच्या जेवणावळीत. "रविवारी बघू, पप्पा." तिचा स्वतःचा फोन सुनेने साफ पुसून आपल्या आईला दिला, तेव्हा मीच हो म्हटलं. म्हटलं माझ्याकडे आहेच की. रविवार येत राहिले. मुलगा यायचा, झोपायचा, मटण खायचा, जायचा. आठवडाभर मुंबईला मरमर करून येतो, झोपू दे, असं मीही म्हणायचो.

इस्पितळातून तिचं सामान एका पिशवीत दिलं होतं. चष्मा, केसांच्या पिना आणि मरियेचं एक मेडल, आठाण्याएवढं. ते शेवटपर्यंत तिच्या मनगटाला दोऱ्याने बांधलेलं. मी ते फोनच्या कव्हरात, पाठीमागे सरकवून ठेवलं. आमच्याकडे यात नवल काही नाही. रिक्षाच्या आरशाला मेडल, होडीच्या फळीला मेडल, बाळाच्या झबल्याला मेडल. फोनच्या कव्हरात ठेवणाऱ्या तर रविवारी देवळात मिस्सेला येणाऱ्या निम्म्या बायका निघतील. मला वाटलं आवाज तिचा, मेडल तिचं, दोन्ही एका जागी बरं.

ताटली मी देव्हाऱ्यावर ठेवली. तिथे मूर्तीच्या दिव्यासाठी प्लग होता, आणि फोन संध्याकाळी तिथेच लागायचा. खाली तिने विणलेला पांढरा रुमाल.

पहिल्या दिवसापासून फोन तापायला लागला. असा तसा नाही, तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा. मी मुलाला फोन करून सांगितलं.

"थोडा गरम होणारच, पप्पा. सगळ्यांचे होतात."

"थोडा नाय. हाताला चटका बसतो."

"कव्हर जाड आहे म्हणून असेल. मी रविवारी बघतो."

शेजारीण म्हणाली, त्यातनं लहरी निघतात, जवळ झोपू नका, छातीला वाईट. मी तिला म्हटलं, "माझ्या छातीत आता बिघडायला उरलंय काय?" असं बोललो की बायका गप्प होतात. मला ते बरं पडतं. पण ही उगाच घाबरते असं समजून मी तिला उडवलं आणि तापलेला फोन रोज त्याच ताटलीवर ठेवत राहिलो. माझ्या मुलाने सांगितलंय, थोडा गरम होणारच. तो शिकलेला.

एका दुपारी जेवून मी फोन ताटलीवर ठेवला आणि मागे वाडीत केळीची सुकी पानं काढायला गेलो. परत आलो तो घरात वास. रबर जळल्यावर येतो तसा, पण गोडसर. देव्हाऱ्यावर फोन पुरीसारखा टम्म फुगलेला आणि एका कडेने धुराची बारीक दोरी वर चाललेली. खालचा रुमाल गोल करपलेला.

मी भिंतीतली वायर उपटली आणि फोन हातानेच उचलला. ओट्यावर आलो तर शेजारीण ओरडायला लागली, "फेका! फेका तो! फुटेल!"

"नाय फेकत."

"अहो, पिंपात टाका पाण्याच्या!"

"पाण्यात तर मुळीच नाय."

"वेड लागलं काय तुम्हांला? हात बघा!"

हात भाजत होता ते मला कळत होतं. पण त्यात तिचा आवाज होता, तो मी पिंपात कसा बुडवू? मी फोन धुण्याच्या दगडावर नेऊन ठेवला, हळू, उलथा पडू नये असा. ठेवताक्षणी तो फुसफुसला. मोठा जाळ वगैरे काही झाला नाही. नुसता फुसफुसला, आतून काळा रस आल्यासारखं झालं, आणि गप्प. मी शेजारी उभा राहिलो. शेजारणीने माझ्या तळहातावर थंड पाणी ओतलं, मी ओतू दिलं.

संध्याकाळी मुलगा-सून रिक्षाने आले. मुलाने काडीने कव्हर बाजूला केलं. मेडल त्यात रुतून बसलेलं. आजूबाजूचं प्लास्टिक वितळून मरियेभोवती काळं कडं झालेलं.

"पप्पा, हे आत कशाला ठेवलंत?"

"कशाला म्हणजे? तुझ्या आईचं आहे."

सुनेने ताटलीचा खोका कपाटावरून शोधून काढला. आत घडी केलेला कागद होता, बारीक इंग्रजीत. ती उभ्यानेच वाचायला लागली, आणि वाचता वाचता तिचा आवाज खाली गेला. "फोन आणि चार्जर यांच्यामध्ये नाणं, किल्ली, कार्ड, कुठलाही धातू ठेवू नये. धातू तापतो. फोन जास्त गरम लागल्यास लगेच बंद करावं... कापडावर ठेवू नये." आणखी खाली होतं, छातीत हृदयाचं यंत्र बसवलेल्यांनी अंतर ठेवावं. तेवढाच एक उपद्रव आमच्या घरात घडायचा राहिला होता.

मुलगा म्हणाला, "बघा, लिहिलंय त्यात."

"तू वाचलंस?"

तो काडीने मेडल टोकरायला लागला.

"मला इंग्रजी येत नाही म्हणून मी वाचलं नाही. तुला कशामुळे वाचता आलं नाही?"

"पप्पा, असले कागद कोणी वाचतं काय? आणि चांगल्या कंपनीचा असता तर धातू लागल्यावर आपोआप बंद झाला असता."

"मग चांगल्या कंपनीचा का नाही आणलास?"

"मला काय माहीत तुम्ही मेडल घालाल!"

"मी तुला सांगितलं ना तापतो म्हणून! सांगितलं की नाही?"

"पुरे आता दोघांचं," सून म्हणाली. "हाताला मलम लावा आधी."

दुसऱ्या दिवशी मुलाने रजा टाकली आणि आम्ही विरारला दुकानात गेलो. दुकानदाराने फोन नाकाशी नेला, चिमट्याने उघडून आत बघितलं आणि काचेवरून आमच्याकडे सरकवला. "बोर्ड गया, चाचा."

मुलाने विचारलं, आतलं काही निघेल काय, एक आवाज आहे फक्त, एकच. तो म्हणाला, बॅकअप होगा ना? मुलगा म्हणाला, जागा भरली होती म्हणून बंद होता. दुकानदाराने मान हलवली आणि मग काचेखालचे नवे फोन दाखवायला लागला. एकावर बोट ठेवून मला म्हणाला, "ये भी वायरलेस पे चलता है." मी दुकानातून बाहेर आलो. त्याला शिवी दिली असती तर त्याला कळलंही नसतं कशाबद्दल दिली.

परतताना रिक्षात मुलगा बाहेर तोंड करून बसला होता. खांदे हलत होते. आई त्याचीही होती, हे मला दिसत होतं. पण त्या वेळी मला ते बघायचं नव्हतं. तो मला काय समजावणार होता? त्याने तो आवाज एकदासुद्धा पुरा ऐकला नव्हता.

नवा फोन आला. वायरीचा, टपोऱ्या बटणांचा. त्यात सुनेने मला इंटरनेटवरची जपमाळ लावून दिली. म्हणाली, "पप्पा, रोजच्या रोज त्या त्या वाराची लागते, तुम्हांला बघायला नको." बोलणारा माणूस चांगला होता, रेडिओवर बातम्या देतात तसा स्वच्छ. शब्द सगळे बरोबर. पण तो थांबत नव्हता. पहिल्या मण्याला मी दोन शब्द मागे पडलो, तिसऱ्याला पुरा एक मणी. पाचव्यापाशी खोकला आला आणि तो शहाणा आपला पुढे चालला, मागे कोण आहे कोण नाही त्याला काय. मी बंद केला. मग घंटा झाली की मी वाडीत जाऊन बसायला लागलो. शेजारणीने फादरांना सांगितलं असणार, कारण मिस्सेनंतर त्यांनी विचारलं, घरी प्रार्थना चालू आहे ना? मी म्हटलं, "पुढे म्हणणारं माणूस तुमच्या देवाने नेलं. त्यालाच विचारा." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो मी खाली घेतला.

मग एका रविवारी मुलगा दुपारचा झोपला नाही. घंटा होईपर्यंत थांबला आणि न सांगता आईच्या जागी जाऊन गुडघे टेकून बसला. हातात फोन, फोनमध्ये रहस्यं. मीही बसलो, न बसून करतो काय. त्याने सुरू केलं. शाळेत पाढे म्हणून दाखवायचे असल्यासारखा तो म्हणत होता. माझा 'आमेन' तोंडात असतानाच त्याचा पुढचा 'नमो' यायचा.

"थांब जरा," मी म्हटलं.

तो थांबला. पुढच्या मण्याला परत तेच.

"अरे, थांब म्हटलं ना! श्वास घेऊ दे."

"किती थांबू, पप्पा?" त्याने चिडून नाही, खरंच विचारलं.

"तुझी आई थांबायची तेवढा."

"किती थांबायची?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. मी कधी मोजलं नव्हतं. तिथे रोज मी होतो, पण त्या जागेत बोलत होतो, ती केवढी आहे ते बघत नव्हतो. जास्त म्हणावं तर कधी जास्त वाटली नाही. कमी म्हणावं तर दुसऱ्या वेळेपासून कधी कमी पडली नाही. मुलगा माझ्याकडे बघत राहिला, मणी बोटात धरून, मी काहीतरी आकडा सांगेन म्हणून.

"म्हण पुढचं," मी म्हटलं.

त्याने म्हटलं. परत घाईतच.