शनिवारची भिंत

चांगुलपणाची मला किळस येते म्हटलं की लोक कानांवर हात ठेवतात. ठेवू देत. शनिवारची भिंत सोमवारी पाडायची पाळी त्यांच्यावर कधी आलेली नाही.

आमचे हे गवंडी. तीस वर्षं झाली. सगळे ह्यांना 'ओळंबा' म्हणतात, कारण भिंत दिसली की खिशातून दोरीचं ते लोखंडी वजन काढून आधी ती सरळ आहे का बघणार. मला बघायला आले तेव्हा आमच्या दाराची चौकट तपासली होती! बाबा म्हणाले, "माणूस विक्षिप्त आहे, पण फसवणार नाही." तेव्हापासून मी ह्यांच्या हाताखाली माल कालवते.

गेल्या वर्षापासून आम्ही गरजूंना घरं बांधून देणाऱ्या एका संस्थेच्या कामावर आहोत. पगारी आम्ही दोघंच. बाकी स्वयंसेवक, शनिवारी येणार, कोऱ्या टोप्या घालून. विटा भिजवत नाहीत, हात गार पडतात म्हणे. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते, सांधा धरत नाही, हे ह्यांनी शंभरदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. प्रत्येकाने आपापल्या विटेवर नाव लिहायचं, फोटो काढायचा, की झालं पुण्य.

मग सोमवारी हे ती भिंत उतरवायचे आणि पुन्हा सरळ बांधायचे. नावांच्या विटा जिथल्या तिथे. कुठली कुठे ते मी कागदावर उतरवून ठेवायची. स्वयंसेवकांना पत्ताच नाही. संस्थेच्या साहेबांना ठाऊक होतं, पण ते काणाडोळा करायचे.

आताचं घर होतं इस्त्रीवालीचं. नवरा गेलेला, दोन लहान मुली, आणि भाड्याची खोली महिनाअखेर सोडायची. भिंत खांद्याएवढी आली आणि ह्यांनी ओळंबा लावला, तर दोन बोटं बाहेर! सोमवारी उतरवली. उतरवताना एक वीट फुटली. मी शहाणी, नव्या विटेवर तेच नाव लिहून दिलं.

शनिवारी त्या विटेचा धनी आला. कुठलासा निवृत्त अधिकारी. विटेला नाक लावून बघत राहिला.

"हे अक्षर माझं नाही."

झालं! सगळं बाहेर आलं. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "आमच्या भावनांचं काय?" चोर तो चोर, वर शिरजोर. 

साहेबांनी आपल्याला काही ठाऊकच नव्हतं असा आव आणला. मग ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "माफी मागा. ही मंडळी रुसली तर घर असंच राहील. त्यांची भिंत त्यांना परत बांधू द्या."

"पडेल ती, साहेब."

"वरून गिलावा करू. दिसणार नाही."

इस्त्रीवाली मागेच उभी होती. "मिस्त्री, पाया पडते, मागा हो माफी. पोरींना घेऊन कुठे जाऊ मी?"

 मग ह्यांनी त्या टोप्यांपुढे हात जोडले. भिंत सरळ बांधली म्हणून माफी! मी घमेलं आपटलं, पण कुणी वळूनही बघितलं नाही. अधिकाऱ्याने ह्यांच्या पाठीवर थोपटलं, "असू दे, चुकतं माणूस." थू! मग हसत-खिदळत त्यांनी ती सरळ भिंत पाडली आणि कोरड्या विटांची तसलीच परत उभी केली. वर पत्रे चढले, गिलावा झाला. ह्यांनी पुन्हा ती सरळ करू नये म्हणून साहेबांनी घराच्या कागदात नवी अट घातली: पाच वर्षं भिंतीला हात लावायचा नाही, लावला तर घर संस्थेला परत.

महिनाअखेर किल्ली दिली, फोटो झाले, टोप्या गेल्या. इस्त्रीवाली बोचकी सोडत होती, मुली खोलीभर नाचत होत्या. हे दारातच घुटमळले.

"ताई, एक सांगतो. पोरींना ह्या भिंतीकडे निजवू नका."

तिने खोलीभर नजर फिरवली. एका भिंतीला दार, दुसरीला ओटा, तिसरीला न्हाणीघर.

"मग कुठे निजवू, मिस्त्री?"

 शेवटी मीच मुलींची गादी उचलली आणि त्या भिंतीशी अंथरली. दुसरी जागाच नव्हती.