टेकडीवरून परत आलेला गोऱ्हा

दिग्रसजवळच्या टेकडीवर इंग्रजांच्या वेळचं एक दगडी चर्च होतं. आसपासचे गुराखी त्याला सरळ देऊळच म्हणायचे. त्यांच्यात किरिस्ताव एकही नव्हता, पण घरात कुणी आजारी पडलं की नवस बोलायचे तिथलाच, आणि माणूस बरं झालं की एक वासरू पायरीशी नेऊन उभं करायचे. म्हातारे पाद्री वासराच्या पाठीवर हात ठेवत, की नवस फिटला. का, कसा, हे कुणी विचारत बसलं नाही. गुरं सोडून एवढा वेळ कुणाला होता!

अठ्ठावन्न साली लखीरामची पोरगी सोमली मुदतीच्या तापातून उठली. लखीराम तांड्याची गुरं राखायचा. स्वतःची म्हणावी अशी एकच गाय, आणि तिचा हा पहिलाच गोऱ्हा. जीव तुटत होता, पण बोललेलं होतं. त्यानं गोऱ्ह्याला आंघोळ घातली. शिंगं रंगवावी तर ती अजून फुटायचीच होती, म्हणून कपाळाला गेरू लावला आणि निघाला.

वर म्हातारे पाद्री नव्हते. ते पावसाळ्यात वारले होते आणि त्यांच्या जागी नगरकडचे एक तरुण पाद्री आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गोऱ्ह्याचा गळा खाजवला आणि दोर परत लखीरामच्याच हातात दिला.

"घेऊन जा, बाबा. देव मोबदला घेत नाही. तो फुकट देतो."

"फुकट?"

"अगदी फुकट."

माणूस भला. पाणी दिलं, पोरीची चौकशी केली. चिडावं म्हटलं तर चिडायला जागाच नाही! लखीराम पार चक्रावून गेला. गोऱ्हा वाचला म्हणून आनंद व्हायचा, तर नवस अंगावर राहिल्याची धास्ती बसली. पायरीशी तसाच सोडून पळावं, असंही वाटलं. पण हात न ठेवलेला गोऱ्हा देवाला पोचतो का, हे विचारायचं कुणाला? अर्ध्या वाटेवरून तो मागे वळला, थबकला आणि पुन्हा खाली उतरला.

दारात बायको बिजलीबाई उभी होती. गोऱ्हा दिसताच तिचा चेहरा उतरला.

"कायले परत आणला?"

"घेत नाही म्हणते पाद्री. देव फुकट देते म्हणे. मले तं काहीच समजून नाही राह्यलं."



"फुकट कोणी देते का?" बिजलीबाई हळूच म्हणाली. "आज गोऱ्हा नाही घेतला. मंग उद्या काय नेईल तो?"

बिजलीबाईनं अंगणात खेळणाऱ्या सोमलीला उचलून घरात नेलं आणि आतून कडी लावली. लखीराम दोर धरून बाहेरच उभा राहिला.