अर्धं चाक

मिस्त्रींना विमानांतलं सगळं कळतं. फक्त विमानात ते कधी बसलेले नाहीत, आणि हे कुणी चारचौघांत काढलं की ते लगेच स्कूटरच्या हवेविषयी बोलायला लागतात.

त्यांचा धंदा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. अडतीस वर्षं झाली, स्कूटरला पट्टे, बॉबिन आणि तेलाची बुधली भरलेली पिशवी अडकवायची आणि लांबलांबच्या गावांत जायचं. मशीन पूर्वेच्या गावात बिघडलं असलं, तरी मिस्त्रींचा रस्ता मात्र पश्चिमेच्या हवाईपट्टीवरून जायचा. वाट वाकडी करण्यात या माणसाचा हात कुणी धरू शकणार नाही. बहुतेक हवाईपट्ट्या अगदी लहान. कुंपण, एक बाकडं ठेवलेली खोली, बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ आणि खांबाला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. मिस्त्रींची बायको तिला एका पायाची विजार म्हणायची. बायको शिवणकाम करणारी, तिला आभाळातही शिवणच दिसणार.

रविवारी ती त्यांच्याबरोबर जायची. हौस म्हणून नव्हे. आपण गेलो नाही तर हे गृहस्थ जेवायला संध्याकाळी उगवतील, हे तिला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळून चुकलं होतं. म्हणून डबा घेऊन तीही मागे बसायची. कुंपणापाशी पोचलं की मिस्त्री कॅमेरा काढायचे आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं.

"अगं, जरा बाजूला हो."

कारण मिस्त्रींचा एक कडक नियम होता. विमानाच्या फोटोत माणूस नको. माणूस आला की विमानाचा रुबाब जातो, असं त्यांचं ठाम मत. आता हवाईपट्टीवर माणसं ही असायचीच. मग घरी फोटो धुऊन आले की मिस्त्री कडेची माणसं कापून टाकायचे. इथवर ठीक होतं. पण घरात धारदार अशी एकच कात्री, बायकोची कापडाची. कापडाच्या कात्रीने कागद कापला की तिची धार जाते, आणि शिवणाऱ्या बाईच्या घरात याहून मोठा गुन्हा नाही. मिस्त्री ती दुपारी झोपली की हा गुन्हा करायचे, आणि ती उठल्यावर आपण होऊन चहा करायचे.

मुलगी मोठी झाली, परगावी गेली, आणि एका सुट्टीत तिने बापाचे सगळे फोटो मोबाइलवर चढवून दिले. हौशी विमानवाल्यांच्या एका गटातही त्यांना घातलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मिस्त्री एक जुना फोटो तिथे टाकतात. खाली विमानाचा नंबर, वर्ष, वारा कुठून होता, रस्ता कसा होता आणि चहा कुठे बरा मिळाला. लोक विमानाइतकीच चहाचीही विचारपूस करतात. पहिल्यांदा साठ जणांनी अंगठा दाखवला, तेव्हा मिस्त्रींना आभाळ ठेंगणं झालं होतं.

अशाच एका रविवारी शेतात औषध फवारणाऱ्या पिवळ्या विमानाच्या फोटोखाली एका शिक्षिकाबाईंचा निरोप आला.

"काका, तुमच्या फोटोत डाव्या कडेला सायकलचं अर्धं चाक दिसतंय. मडगार्डला लाल फडकं बांधलंय. ती माझ्या वडिलांची सायकल आहे. विमान उतरण्याआधी धावपट्टीवरच्या शेळ्या हाकलायचं त्यांचं काम होतं. घरात त्यांचा एकच फोटो आहे, ओळखपत्रावरचा, आणि त्यात ते चोरी करताना पकडल्यासारखे दिसतात. आई नातवंडांना सांगायची, तुमचे आजोबा सायकलवरून विमानापुढे धावायचे. मुलं हसतात, आजी बाता मारते म्हणतात. आता तिने सांगणंच सोडलंय. उरलेला फोटो असेल का?"

त्या फोटोतला माणूस मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने कापला होता. निगेटिव्ह होत्या, पण माळ्यावरच्या डब्यात पाणी गेलं आणि त्यांची एकमेकींना चिकटून वीट झाली होती. पुढचे दोन दिवस त्यांचं कामात लक्ष नव्हतं. एका मशीनला उलटा पट्टा लावला, दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या घरी तेलाची बुधली विसरून आले. एका म्हाताऱ्या बाईचं तोंड आपल्या नियमामुळे बंद झालंय, असंच त्यांना वाटायला लागलं. बायकोला विचारावं, तर लग्नापासूनची सदतीस वर्षांची कात्री कबूल करावी लागणार.

तिसऱ्या दिवशी त्यांनी हात टेकले.

"एक सांगायचंय. रागावू नकोस."

"कात्रीचं का?" बायको मशीनवरून मान न उचलता म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"अहो, कात्री काय आपोआप बोथट होते? आणि दुपारी तुम्ही उगाच चहा करता?"

मिस्त्रींनी तिला निरोप वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला. मग उठून कपाटातून लेसचा डबा काढला आणि जमिनीवर उपडा केला. या बाईने आयुष्यात एक चिंधी फेकलेली नाही. मशीनखाली पडलेल्या फोटोच्या पट्ट्या तिने केर काढताना उचलल्या होत्या आणि जाड कागद बरा म्हणून त्यांवर लेस, नाडी, रेशमाचे दोरे गुंडाळून ठेवले होते. दोघं फतकल मारून बसली आणि एकेक पट्टी सोडवू लागली. पांढऱ्या लेसखालून एक चौकीदार निघाला. निळ्या नाडीखालून पेट्रोलचा पंप ओढणारे दोघे निघाले. हिरव्या दोऱ्याखालून निघाला सायकलवाला.

एक पाय जमिनीवर, एक हात वर, तोंड हे एवढं उघडं, आणि मागे पळणाऱ्या शेळ्या. पुढचं चाक मात्र अर्धंच होतं. मिस्त्रींनी पट्टी मूळ फोटोला लावली आणि चाक पुरं झालं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"चला, मिळाला," म्हणत ते उठायला लागले. पण सोडवलेल्या बाकीच्या पट्ट्यांकडे नजर गेली आणि परत खाली बसले. एका पट्टीवर बायको होती, हातात डबा. दुसरीवर बायको, स्कूटर धरून. तिसरीवर उन्हाला हात आडवा धरून कुठेतरी आभाळात बघत होती, वय असेल पंचवीस. कुठे तिचा निम्मा खांदा, कुठे नुसती पदराची कड. बाजूला हो म्हटल्यावर ती झाली होती, पण कॅमेऱ्यापुरती पुरेशी झाली नव्हती.

"तू पाहिलं होतंस हे?"

"माझंच तोंड आहे, ओळखणार नाही?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्हाला विमान हवं होतं. मला लेस गुंडाळायला काहीतरी हवं होतं." ती हसली आणि सुटलेली लेस बोटांवर गुंडाळायला लागली. मिस्त्रींना फार वाईट वाटलं. इतकं, की त्यांनी भरदुपारी कुठलाही गुन्हा न करता चहा केला.

मागून चिकटपट्टी लावून जोडलेला फोटो त्यांनी बाईंना पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं. "आईने मोबाइल घेतलाय तो परत देत नाही. मुलांना समोर बसवलंय. म्हणते, फोटोत शेळ्या पाचच दिसतात, खरं तर सात होत्या, दोन विमानाखाली गेल्या होत्या सावलीला. काका, ती थांबायचं नाव घेत नाहीये."

पुढच्या रविवारी दोघं पुन्हा हवाईपट्टीवर गेली. शिकाऊ वैमानिकांचं एक छोटं पांढरं विमान कुंपणाजवळ उभं होतं. मिस्त्रींनी कॅमेरा काढला, आणि ती सवयीने डबा उचलून बाजूला व्हायला लागली.

"थांब तिथेच."

"अहो, मागे विमान आहे."

"असू दे."

त्या दिवशीचा फोटो त्यांनी गटावर टाकला. वर्ष लिहिलं, वारा लिहिला, रस्ता आणि चहाही लिहिला. पाच मिनिटांत एका जाणकाराने विचारलं, "मिस्त्री, यावेळी विमानाचा नंबर दिला नाहीत. शेपटीवर असेल, पण तिथे नेमक्या कुणी बाई उभ्या आहेत."

मिस्त्रींनी चष्मा लावून एका बोटाने उत्तर टंकलं, "हो. सदतीस वर्षांपासून उभ्या आहेत."